किशोरवयीनांचे लिंगभाव-उपचार: डॉक्टरांचं भांडण नेमकं कशावर आहे?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

दुसऱ्या एका धाग्यावर या विषयाची नुसती धुळवड झाली, म्हणून वेगळा धागा काढते आहे. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपात ट्रान्स मुलामुलींच्या उपचारांवर जो वाद पेटलाय, त्यात डॉक्टर दोन्ही बाजूंना आहेत. एका बातमीत वाचावं तर "डॉक्टरांच्या सगळ्या मोठ्या संघटनांचा पाठिंबा". दुसरीत "शास्त्रीय पुरावाच नाही". दोन्ही वाक्यं छापून येतात आणि दोन्ही अर्धी असतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. औषधाने काय होतं हे किती खात्रीने माहीत आहे, हा एक प्रश्न. समोर बसलेल्या मुलाला ते द्यावं का, हा दुसरा. सरकारने कायदा करून ते थांबवावं का, हा तिसरा. पहिल्या प्रश्नात डॉक्टरांचा शब्द वजनदार. दुसऱ्यात मूल आणि पालक यांच्याइतकाच. तिसऱ्यात ते तुमच्याआमच्यासारखे नागरिक, फक्त जरा जास्त माहिती असलेले. गोंधळ होतो तो पहिल्याचं उत्तर तिसऱ्यासाठी वापरलं की.

जाणकारांनी तपशील भरावेत. "आमच्या वेळी असं नव्हतं" छाप प्रतिसाद कृपया दुसरीकडे.

---

ग्रंथीपुराण

आधी औषधं कोणती ते बघू, कारण निम्मे लोक "ब्लॉकर" म्हणजे शस्त्रक्रिया समजून भांडतात.

मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने सोडतो. त्या ठोक्यांवर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही बीजग्रंथींना जागी करणारी संप्रेरकं सोडते आणि वयात येणं सुरू होतं. ब्लॉकर म्हणजे जीएनआरएचचाच कृत्रिम भाऊ, पण तो शरीरात सतत हजर राहतो. सततच्या माऱ्याने पिट्युटरी बधिर होते आणि पुढची साखळी थांबते. ट्रिप्टोरेलिन, ल्युप्रोलाइड ही नेहमीची नावं. हिस्ट्रेलिनची दंडात बसवायची कांडीही असते. मूळ डच पद्धतीत ट्रिप्टोरेलिन ३.७५ मिग्रॅ, दर चार आठवड्यांनी.

पहिल्या इंजेक्शननंतर काही दिवस संप्रेरकं उलट वाढतात, मग पडतात. पाळी सुरू झालेल्या मुलीला म्हणूनच सुरुवातीला एकदा रक्तस्राव होऊ शकतो. हे आधी सांगितलं नाही तर घरचे घाबरून उपचारच सोडतात. इंजेक्शनची तारीख पुढे ढकलत गेलं की दाब सुटतो आणि एलएच पुन्हा वर येतो.

हीच औषधं सहा-सात वर्षांच्या मुलीला अकाली वयात येताना दिली जातात आणि त्यासाठी त्यांना मान्यता आहे. लिंगभावाच्या अस्वस्थतेसाठीचा (शरीराचं लिंग आणि मनातला लिंगभाव जुळत नाही, त्याचा त्रास) वापर मान्यतेबाहेरचा. बालरोगशास्त्रात असा वापर रोजचाच, त्यामुळे तेवढ्यावरून "बेकायदा" म्हणणं चूक. पण अकाली वयात येणाऱ्या मुलीत औषध थांबवून तिला तिच्या नैसर्गिक वयात सोडतात आणि इथे बहुतेकदा पुढे दुसरी संप्रेरकं सुरू होतात. म्हणून "तिथे सुरक्षित म्हणून इथेही सुरक्षित" हेसुद्धा जसंच्या तसं लागू होत नाही.

---

उंटावरचा_शहाणा

डच पद्धत, डच पद्धत सगळे म्हणतात. ती काय ते कोणी दोन ओळीत सांगेल का?

---

ग्रंथीपुराण

दोन ओळीत बसणार नाही :)

नेदरलँड्समध्ये मानसशास्त्रज्ञ पेगी कोहेन-केटेनिस आणि बालसंप्रेरकतज्ज्ञ हेन्रिएट डेलमार-व्हान डे वाल यांनी १९९० च्या दशकात ही घडी बसवली आणि २००६ मध्ये छापली. अटी कडक होत्या: लहानपणापासून चालत आलेली अस्वस्थता, वयात येताना ती वाढलेली, उपचाराच्या आड येईल असा दुसरा मोठा मानसिक त्रास नाही, घरचा पाठिंबा. ब्लॉकर १२ वर्षांपासून, तेही वयात येण्याची सुरुवात तपासून झाल्यावरच. इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन १६ पासून. शस्त्रक्रिया १८ नंतर.

"सुरुवात तपासून" म्हणजे काय, तर टॅनरचा दुसरा टप्पा (वयात येण्याच्या पायऱ्या मोजायची पट्टी). मुलीत स्तनाची गाठ हाताला लागणं, मुलग्यात वृषणाचं आकारमान ४ मिलीपर्यंत पोचणं. त्यासाठी ऑर्किडोमीटर नावाची, चढत्या आकाराच्या मण्यांची माळ असते, तिच्याशी ताडून बघतात. वयाचा दाखला बघून औषध देत नाहीत.

२०११ मध्ये ७० जणांचा पाठपुरावा आला, २०१४ मध्ये ५५ जणांचा, शस्त्रक्रियेनंतरचा. त्यांचं मानसिक स्वास्थ्य बरोबरीच्या तरुणांसारखं होतं. जगभरच्या चिकित्सालयांनी या निकालांवर आपला पाया घातला.

अडचण पुढे आली. इंग्लंडच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या मुलांच्या लिंगभाव-सेवेकडे २०११-१२ मध्ये वर्षाला २५० च्या आत मुलं पाठवली जात. २०२१-२२ मध्ये ५,००० च्या वर. शिवाय नव्याने येणाऱ्यांत जन्माने मुली असलेल्या, किशोरवयातच त्रास सुरू झालेल्या, सोबत नैराश्य किंवा ऑटिझम असलेल्या पुष्कळ. डच अटींत यातल्या कित्येक जणी बसल्याच नसत्या. ५५ जणांचा निकाल त्यांना लागू होतो का, इथून शास्त्रीय वाद सुरू होतो. अजून संपलेला नाही.

---

मेथडवाला

आता माझा प्रांत. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने डॉ. हिलरी कॅस यांच्याकडे स्वतंत्र आढावा सोपवला. त्या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या माजी अध्यक्ष. अंतिम अहवाल १० एप्रिल २०२४ ला आला. त्यासाठी यॉर्क विद्यापीठाने सगळे अभ्यास पद्धतशीर गोळा करून गुण दिले.

ब्लॉकरवर ५० अभ्यास: १ उच्च दर्जाचा, २५ मध्यम, २४ कमी.
संप्रेरकांवर (इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन) ५३: १ उच्च, ३३ मध्यम, १९ कमी.

यावरून "कॅसनी ९८ टक्के अभ्यास केराच्या टोपलीत टाकले" अशी आवई उठली. चूक. १०३ पैकी उच्च फक्त २, हे खरं. पण निष्कर्षासाठी उच्च आणि मध्यम दोन्ही घेतले, म्हणजे ६०. वगळले ते ४३.

दुसऱ्या बाजूची चूकही तितकीच मोठी. "यॉर्कने सिद्ध केलं की उपचार निरुपयोगी आहेत." असं कुठेही लिहिलेलं नाही. ब्लॉकरमुळे अस्वस्थता किंवा मनःस्वास्थ्य यांत काय फरक पडतो, यावर निष्कर्ष काढता येत नाही असं म्हटलंय. संप्रेरकांबाबत, पहिल्या वर्षभरात मनःस्वास्थ्य सुधारत असावं असा मध्यम दर्जाचा संकेत आहे असं म्हटलंय. लांबचं माहीत नाही.

---

उंटावरचा_शहाणा

मग सरळ दोन गट करून चाचणी का घेत नाहीत? एकाला औषध, एकाला नुसतं पाणी.

---

मेथडवाला

पाणी दिलेल्याचा तीन महिन्यांत आवाज फुटायला लागतो. कोणाला काय मिळालं हे मुलाला, आईला, शेजाऱ्यालाही कळतं. औषध न मिळालेला गट चाचणी सोडून खासगीकडे जातो, आणि गळती झाली की तुलनाच मोडते.

पण "चाचणी अशक्य" हेही अर्धसत्य. कोण कुठल्या गटात आहे हे न लपवताही चिठ्ठ्या टाकून गट करता येतात. ऑस्ट्रेलियात ६४ प्रौढांवर झालं: निम्म्यांना टेस्टोस्टेरॉन लगेच, निम्म्यांना तीन महिने थांबून. २०२३ मध्ये निकाल आला, लगेच मिळालेल्यांची अस्वस्थता आणि नैराश्य कमी झालं. थांबणं मुळात प्रतीक्षायादीतच होतं, त्यामुळे नैतिक पेच सौम्य झाला. मात्र ते प्रौढ होते. बाराव्या वर्षी तीन महिने आणि तिशीतले तीन महिने सारखे नसतात.

---

निशिगंधा७

हाडांचं काय? घरोघरी हाच प्रश्न विचारला जातो आणि उत्तर "काही होत नाही" किंवा "हाडं ठिसूळ होतात" यांपैकी एक.

---

ग्रंथीपुराण

किशोरवय म्हणजे हाडांची बचत करण्याची वर्षं, आणि ती बचत लैंगिक संप्रेरकांमुळे होते. ब्लॉकर चालू असताना बरोबरीची मुलं पुढे जातात, हे मूल जवळपास जागेवर राहतं. अहवालात झेड-स्कोअर (बरोबरीच्या मुलांशी तुलना करणारा आकडा) उतरलेला दिसतो तो यामुळे. हाड झिजलं असा त्याचा अर्थ नव्हे. संप्रेरकं सुरू झाली की बरंचसं भरून निघतं, पण जन्माने मुलगे असलेल्यांत कमरेच्या मणक्यांची घनता मागे राहिलेली अभ्यासांत दिसते.

अमेरिकी एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत वेळापत्रक आहे: उंची, वजन आणि टॅनर टप्पा दर ३ ते ६ महिन्यांनी. एलएच, एफएसएच, इस्ट्रॅडिऑल किंवा टेस्टोस्टेरॉन आणि ड जीवनसत्त्व दर ६ ते १२ महिन्यांनी. डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) आणि डाव्या हाताचा, हाडांचं वय दाखवणारा एक्स-रे दर १ ते २ वर्षांनी. प्रत्यक्षात गळतो तो डेक्सा, कारण तो लांबच्या केंद्रावर असतो आणि मूल बरं दिसत असतं.

हाडांपेक्षा कमी बोललं जाणारं: प्रजनन. दुसऱ्याच टप्प्यावर ब्लॉकर आणि मग थेट इस्ट्रोजेन, तर शुक्राणू परिपक्वच होत नाहीत, साठवायला काही नसतं. शिवाय पुढे योनीरचनेची शस्त्रक्रिया करायची झाली तर नेहमीच्या पद्धतीला पुरेशी त्वचा नसते, पोटातलं अस्तर किंवा आतड्याचा तुकडा वापरावा लागतो. बारा वर्षांच्या मुलासमोर हे कसं मांडायचं, इथे चांगले चांगले डॉक्टरही अडखळतात.

"ब्लॉकर म्हणजे नुसता विचाराला वेळ" या दाव्याबद्दल: लंडनच्या अभ्यासात ४४ पैकी ४३ जण पुढे संप्रेरकांकडे गेले. नेदरलँड्सच्या ७२० जणांच्या अभ्यासात ९८ टक्के संप्रेरकांवर टिकून होते. एक म्हणतो निवड अचूक होती, दुसरा म्हणतो गाडी एकदा रुळावर चढली की उतरत नाही. हे आकडे दोघांनाही सामावून घेतात.

---

बोरूबहाद्दर

+१. असे प्रतिसाद असतील तर धागा वाचनखुणेत टाकायलाच हवा.

---

लंडनचा_पाऊस

"संघटनांचा पाठिंबा" याबद्दल. संघटना म्हणजे सगळे डॉक्टर नव्हेत, आणि सगळ्या संघटना एका जातीच्याही नसतात.

ब्रिटिश मेडिकल असोसिएशन ही मुख्यतः डॉक्टरांची युनियन. पगार, पाळ्या, संप हे तिचं काम. जुलै २०२४ मध्ये तिच्या परिषदेने कॅस अहवालाची अंमलबजावणी थांबवा असा ठराव केला. शेकडो डॉक्टरांनी खुल्या पत्रावर सह्या करून विचारलं, सभासदांना न विचारता हे कसं? सप्टेंबरात संघटनेने भूमिका बदलली: आमचं मूल्यमापन होईपर्यंत आम्ही तटस्थ. रॉयल कॉलेजं वेगळी, त्यांचं काम प्रशिक्षण आणि दर्जा. बातमीत मात्र दोन्हींना "डॉक्टरांची संघटना" असं एकच लेबल.

औषधांचं इथलं टिपण: मार्च २०२४ मध्ये आरोग्य सेवेने नेहमीच्या उपचारातून ब्लॉकर काढले. मे २०२४ अखेर सरकारने खासगी चिठ्ठ्यांवर तातडीची बंदी घातली, ती तेव्हाच्या हुजूर पक्षाच्या सरकारने. डिसेंबरात मजूर पक्षाच्या सरकारने ती बेमुदत केली, २०२७ मध्ये फेरविचार. म्हणजे इथे हा उजव्या-डाव्यांचा सरळ सामना नाही. अमेरिकी चष्म्याने इंग्लंड बघू नका.

---

मेथडवाला

जर्मनीत तर एकाच देशात दोन सूर. मे २०२४ मध्ये माइन्झला भरलेल्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय अधिवेशनाने ठराव केला की ब्लॉकर फक्त संशोधनाच्या चौकटीतच द्यावेत. मार्च २०२५ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या तज्ज्ञसंस्थांची मार्गदर्शिका आली, ती वैयक्तिक पारख करून उपचाराची वाट खुली ठेवते. पहिला निर्णय सगळ्या शाखांच्या प्रतिनिधींच्या मतदानाने, दुसरा त्या विषयात रोज काम करणाऱ्यांच्या सहमतीने. ज्यांना विषय माहीत आहे तेच त्यात गुंतलेले, आणि जे गुंतलेले नाहीत त्यांना विषय कमी माहीत. हा पेच फक्त याच उपचाराचा नाही.

---

वकीलपत्र

अमेरिकेकडे वळू. आर्कान्साने २०२१ मध्ये गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून पहिली बंदी आणली. नंतर वीसहून अधिक राज्यं. टेनेसीच्या २०२३ च्या कायद्याला आव्हान दिलं गेलं, आणि १८ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्कर्मेट्टी खटल्यात ६ विरुद्ध ३ ने कायदा टिकवला.

इथे डॉक्टर तीन दारांनी आत येतात. बालरोगतज्ज्ञांची अकादमी आणि इतर संस्था "न्यायालयाचे मित्र" म्हणून निवेदन देतात. काही जण पैसे घेऊन तज्ज्ञ साक्षीदार होतात, दोन्ही बाजूंनी. आणि ज्यांच्यावर बंदी आली ते स्वतः वादी होतात. निवेदनाला उलटतपासणी नसते, साक्षीदाराला असते. "तुम्ही असे किती रुग्ण तपासलेत?" हा पहिला प्रश्न, आणि त्यावर पुष्कळ नामवंत घसरतात.

निकालात न्यायालयाने उपचार चांगला की वाईट हे ठरवलंच नाही. कायदा वय आणि वैद्यकीय कारण यांवर वर्गवारी करतो, लिंगावर नाही, म्हणून कडक कसोटी लागत नाही, आणि शास्त्रीय वाद असताना निर्णय विधिमंडळाचा, एवढंच. याला "शास्त्राचा विजय" म्हणणारे डॉक्टर निकाल न वाचता बोलतात.

---

पाटीपेन्सिल

आणि डब्ल्यूपॅथचं प्रकरण? त्यावर कोणी लिहिणार आहे का, की मीच चिमटा काढू?

---

मेथडवाला

काढलात तो बरा. डब्ल्यूपॅथ ही ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या व्यावसायिकांची जागतिक संस्था. तिच्या निकषांची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये आली. किशोरवयीनांच्या प्रकरणात उपचारांची किमान वयं छापली होती, ती लगोलग दुरुस्तीपत्र काढून वगळली. पुढे अलाबामाच्या खटल्यात संस्थेचे अंतर्गत ईमेल उघड झाले. त्यांत दिसलं की वयं काढण्यामागे अमेरिकी आरोग्य खात्याच्या वरिष्ठांचा आणि बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा दबाव होता. वयं छापली तर बंदीवाल्यांच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती.

माझ्या मते या संपूर्ण वादात डॉक्टरांनी स्वतःच्या पायावर मारून घेतलेला हा सगळ्यात मोठा धोंडा. वयाची अट असावी की नसावी यावर शास्त्रीय मतभेद असू शकतात. पण ती राजकारण बघून काढली असं कागदावर आलं, की उरलेल्या पानांवरचा विश्वासही जातो.

मार्गदर्शिका वाचताना एक सवय ठेवा. एंडोक्राइन सोसायटीच्या मजकुरात प्रत्येक शिफारशीपुढे आकडा आणि चार गोल असतात. १ म्हणजे ठाम शिफारस, २ म्हणजे सुचवणूक. भरलेले गोल म्हणजे पुराव्याची खात्री. अटींत बसणाऱ्या किशोरांत वयात येणं थांबवावं याला २ आणि दोन भरलेले गोल. थांबवायचं तर जीएनआरएच गटातलं औषध वापरा याला १ आणि तेच दोन गोल. पत्रकार दुसरी शिफारस उचलून "संस्थेची ठाम शिफारस" लिहितो. ठामपणा कोणतं औषध याबद्दल आहे, द्यावं का याबद्दल नाही.

---

वकीलपत्र

सरकारी बाजूनेही काही कमी केलेलं नाही. १ मे २०२५ ला अमेरिकी आरोग्य खात्याने चारशेहून अधिक पानांचा आढावा काढला आणि लेखकांची नावं झाकली. नावं नोव्हेंबरात आली. हितसंबंध तपासायला मिळू नयेत असा आढावा काढायचा आणि पलीकडच्यांवर हितसंबंधांचा आरोप करायचा, ही गंमतच.

त्याआधी बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयाला ऑगस्ट २०२२ मध्ये बॉम्बची धमकी आली होती. लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयाने जुलै २०२५ मध्ये ट्रान्स मुलांसाठीचं आपलं केंद्र बंद केलं, कारण केंद्राचा निधी तुटला तर सगळंच रुग्णालय अडचणीत येईल. अशा हवेत मधल्या मताचा डॉक्टर बोलत नाही. बोलतात ते टोकाचे, आणि आपण त्यांनाच "वैद्यकीय मत" समजतो.

---

उंटावरचा_शहाणा

मग कोणाचं ऐकावं? एक नाव सांगा.

---

मेथडवाला

नाव एक देतो, ऐकायचं की नाही तुम्ही ठरवा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे गॉर्डन गायट. पुराव्याची खात्री मोजण्याची ग्रेड पद्धत उभी करणाऱ्यांतले. त्यांच्या गटाचे या विषयावरचे आढावे २०२५ मध्ये आले, निष्कर्ष: खात्री कमी किंवा फारच कमी. बंदीवाल्यांनी ते डोक्यावर घेतले. ऑगस्ट २०२५ मध्ये गायट आणि सहकाऱ्यांनी निवेदन काढून बजावलं की कमी खात्रीचा पुरावा दाखवून हे उपचार नाकारणं हा आमच्या कामाचा गैरवापर आहे. खात्री कमी असते तिथे रुग्णाच्या स्वतःच्या पसंतीला वजन जास्त द्यायचं, हा त्या पद्धतीचाच नियम. दोन्ही बाजू त्यांच्यावर नाराज आहेत.

---

निशिगंधा७

आपल्याकडे काय स्थिती? इथे अजून "वय वाढलं की जाईल" यावरच गाडी अडलेली असते.

---

वकीलपत्र

इथला वाद वेगळ्या ठिकाणी आहे. मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद व्यंकटेश यांच्यापुढे २०२१ पासून चाललेल्या सुषमा खटल्यातून राष्ट्रीय वैद्यक आयोगाला हलावं लागलं आणि २०२२ मध्ये आयोगाने 'बदल घडवण्याचे' उपचार, म्हणजे समलैंगिक किंवा ट्रान्स व्यक्तीला "सरळ" करण्याचे प्रयत्न, व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. त्याच आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलैंगिक संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांत घातले, आणि ओरड झाल्यावर आठवड्याभरात मागे घेतले.

आता मजा बघा. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या कलम १५ मध्ये शस्त्रक्रियेची आरोग्यपुस्तिका डब्ल्यूपॅथच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काढावी असं लिहिलंय. संस्थेचं नाव थेट कायद्यात, आवृत्ती नाही. संसदेने कायदा केला तेव्हा सातवी आवृत्ती चालू होती.

---

ग्रंथीपुराण

आणि इंग्लंडचा गिलिक निकष आपल्याकडे नाही, हेही ध्यानात ठेवा. तिथे १९८५ पासून सोळाच्या आतलं मूल, समज पुरेशी असेल तर, स्वतः संमती देऊ शकतं. इथे अठराच्या आत पालकांची सही लागते. म्हणून आपल्या ओपीडीत मुलाचं म्हणणं पालकांच्या तोंडून येतं. तीन गोष्टी कराव्यात: मुलाशी काही वेळ एकट्याने बोलणं, ते काय म्हणालं हे त्याच्याच शब्दांत केसपेपरवर टिपणं, आणि पहिल्याच भेटीत संप्रेरकांच्या गोळ्या बाहेरून घेतल्या आहेत का हे न रागावता विचारणं. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या इस्ट्रोजेन गोळ्या रक्ताच्या गुठळ्यांचा धोका घेऊन येतात, आणि डॉक्टर रागावला की मूल ते लपवतं.

---

निशिगंधा७

एकट्याने बोलायला पालक तयार होत नाहीत तेव्हा?

---

ग्रंथीपुराण

"सगळ्याच किशोरवयीनांना आम्ही पाच मिनिटं एकट्याने भेटतो" असं आधीच सांगायचं, आणि खरंच सगळ्यांना भेटायचं. मुरुमांसाठी आलेल्यालाही. मग ते कोणाला खटकत नाही. तपासणीची वेळ असेल तर सोबतीला नर्स हवीच.